चिठ्ठी काढणार कोण?

आरोग्याच्या संशोधनात भाग घेण्याआधी माणसाला जो कागद सही करायला देतात, त्याला संमतीपत्र म्हणतात. असाच एक नऊ पानांचा मसुदा घेऊन मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात एका काकींच्या सोप्यावर बसलो होतो. मी निवृत्त शिक्षक. संशोधनाला परवानगी देणाऱ्या, एका संस्थेच्या नैतिकता समितीवर ‘सामान्य सदस्य’ म्हणून माझी नेमणूक झाली होती. गावातल्या माणसाला हा कागद कळतो का, ते बघून येतो असं मी संशोधकांना सांगितलं आणि त्यांनी आनंदाने परवानगी दिली. काकींची शाळा चौथीपर्यंत, तीही मराठीतून. रोजचं वर्तमानपत्र वाचतात, श्रावणात पोथी वाचतात. त्यांनी चष्मा लावला, पहिलं पान सावकाश संपवलं आणि दुसऱ्या पानावरच्या एका वाक्यावर बोट ठेवलं: ‘यादृच्छिक पद्धतीने आपणास दोनपैकी एका गटात समाविष्ट करण्यात येईल.’ मग म्हणाल्या, “हांव वाचतां मास्तर, पूण म्हाका कळना.”

हेच वाक्य समितीच्या बैठकीत माझ्यासमोरून गेलं होतं. मलाही ते नीट कळलं नव्हतं, पण आजूबाजूला सगळे डॉक्टर, एक वकील, आणि चर्चा इंग्रजीत. मी गप्प राहिलो. काकी गप्प राहिल्या नाहीत. त्या दिवसापासून मला वाटत आलंय की सामान्य माणसाला संशोधनासाठी तयार करायचं म्हणजे सर्वांत आधी त्याला ‘कळलं नाही’ हे भर सभेत म्हणता आलं पाहिजे. बाकीचं शिक्षण त्यानंतर.

संशोधनात ‘भाग घेणं’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत आणि त्यांची नेहमी गल्लत होते. रक्त दिलं, प्रश्नांची उत्तरं दिली, नवं औषध घेऊन बघितलं, हा एक भाग. त्यात माणूस संशोधनाचा विषय असतो. दुसरा भाग वेगळा आहे. कोणत्या आजाराचा अभ्यास आधी व्हावा, प्रश्न कसे विचारावेत, कागदावर काय लिहावं, निकाल कुणाला आणि कसा सांगावा, हे ठरवताना टेबलाशी बसणं. या लेखात मी या दुसऱ्या भागाबद्दल बोलतोय. त्यासाठी डॉक्टर व्हावं लागत नाही, पण थोडी तयारी लागते.

ही कल्पना कुठून आली याची मुळं बरीच एड्सच्या काळात आहेत. १९८३ साली अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरात एड्स झालेल्या माणसांनी एक जाहीरनामा काढला. आम्हाला ‘बळी’ म्हणू नका, आमच्याबद्दलचे निर्णय जिथे होतात तिथे आम्हाला जागा द्या, अशी त्यांची मागणी होती. पुढे त्या चळवळीतल्या लोकांनी औषधांच्या चाचण्या कशा होतात हे स्वतः शिकून घेतलं. ज्यांचा विज्ञानाशी संबंध नव्हता अशी माणसं शास्त्रज्ञांशी चाचणीच्या रचनेवर वाद घालू लागली, आणि अनेकदा त्यांचं म्हणणं मान्य झालं. ब्रिटनमध्ये सरकारी आरोग्य संशोधनात लोकांना सामावून घेण्यासाठी १९९६ साली सल्लागार गट नेमला गेला. युरोपात ‘युपाटी’ या नावाने रुग्णांना औषध संशोधनाचं रीतसर शिक्षण देणारा उपक्रम २०१२ पासून चालू आहे.

आपल्याकडे न विचारण्याची किंमत एका माणसाने मोजली. १९८९ साली परा गावच्या डॉमिनिक डिसोझा या तरुणाला, त्याने केलेल्या रक्तदानातून एचआयव्हीची लागण उघड झाल्यावर, तेव्हाच्या गोवा सार्वजनिक आरोग्य कायद्याखाली म्हापशात ६४ दिवस डांबून ठेवलं. कायद्यातली ती तरतूद करणाऱ्यांनी या आजारासह जगणाऱ्या एकाही माणसाला काही विचारलं असेल असं मला वाटत नाही. विचारलं असतं, तर असा कायदा झाल्यावर रक्त तपासायला कोण पुढे येईल, हा साधा प्रश्न निघाला असता. डॉमिनिकने न्यायालयात लढा दिला आणि १९९२ मधल्या मृत्यूपूर्वी ‘पॉझिटिव्ह पीपल’ ही संस्था उभी केली.

आता कायद्याबद्दल थोडं, कारण हे फार कमी लोकांना ठाऊक आहे. भारतात नव्या औषधाची चाचणी करायची तर नैतिकता समितीची परवानगी लागते. २०१९ च्या नव्या औषधांच्या नियमांप्रमाणे या समितीत किमान सात सदस्य हवेत, त्यांतले किमान निम्मे संस्थेबाहेरचे, आणि त्यांत एक सामान्य व्यक्ती हवीच. बैठकीला किमान पाच जण लागतात आणि त्या पाचांतही सामान्य व्यक्तीची खुर्ची धरलेली आहे. म्हणजे सगळे तज्ज्ञ हजर असले आणि तो एक माणूस आला नाही, तर त्या चाचणीचा प्रस्ताव तपासायलाच घेता येत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत या व्यक्तीचं वर्णनही आहे: साक्षर असावी, गेली पाच वर्षं वैद्यकीय क्षेत्रात काम केलेलं नसावं, स्थानिक भाषा आणि लोकांच्या रीतीभाती माहीत असाव्यात. काम काय? सहभागी होणाऱ्याच्या बाजूने धोका आणि फायदा तोलायचा, संमतीपत्र आणि त्याचं भाषांतर तपासायचं.

इतकी मोलाची खुर्ची आहे ती. तिच्यावर बसणाऱ्याने गप्प राहू नये यासाठी प्रशिक्षण.

मग शिकवायचं काय? मला स्वतःला ज्या एका गोष्टीने उजेड पडला, तिथून सुरुवात करतो. ती म्हणजे तुलनेचा गट. उदाहरण आपल्या गोव्यातलंच घेऊ. ‘संगत’ ही पर्वरीची संस्था १९९६ पासून मानसिक आरोग्यात काम करते. तिच्या एका अभ्यासात गोव्यातल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्याने ग्रासलेल्या ४९५ रुग्णांना सहभागी करून घेतलं. एका गटाला आरोग्य केंद्रातले उपचार, थोडे सुधारून. दुसऱ्या गटाला तेच उपचार आणि शिवाय समुपदेशन. समुपदेशन करणारे मानसोपचारतज्ज्ञ नव्हते. या विषयाचं कसलंही पूर्वशिक्षण नसलेली स्थानिक माणसं होती ती, या कामासाठी तयार केलेली. तीन महिन्यांनी पाहिलं तर समुपदेशन मिळालेल्या गटात शंभरातले ६४ जण नैराश्यातून बाहेर आले होते.

इथे थांबून मी शिकणाऱ्यांना विचारतो, समुपदेशनामुळे किती जण बरे झाले? सगळे म्हणतात, ६४. मग दुसऱ्या गटाचा आकडा सांगतो. तिथे समुपदेशन नव्हतं, तरी शंभरातले ३९ बरे झाले. काही काळामुळे, काही डॉक्टरांच्या औषधामुळे, काही घरच्या आधारामुळे. म्हणजे समुपदेशनाचं खरं श्रेय वरच्या २५ जणांपुरतं. ही मोठी गोष्ट आहे, शंभरातली पंचवीस माणसं म्हणजे काही थोडकी नव्हेत. पण ६४ नव्हे. दुसरा गट नसता तर आपण सगळे ६४ समुपदेशनाच्या नावावर मांडले असते. एकदा हे डोक्यात बसलं की माणूस ‘अमक्या काढ्याने शंभरातले साठ बरे झाले’ असा मोबाईलवरचा संदेश वाचून लगेच विचारतो, ‘आणि काढा न घेतलेले किती बरे झाले?’ प्रशिक्षणातून दुसरं काही हाती लागलं नाही, एवढा एक प्रश्न लागला, तरी मला ते पुरेसं वाटतं.

याच अभ्यासातली आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. हे समुपदेशक एकमेकांच्या सत्रांचं ध्वनिमुद्रण ऐकत आणि एकमेकांना गुण देत. काम चांगलं झालं की नाही हे पारखणंही सामान्य माणसाला शिकवता येतं, हे त्यातून दिसलं. फक्त एक फरक ध्यानात ठेवायला हवा. उपचार पोचवण्यासाठी गावच्या माणसांना तयार करण्यात गोव्याने जगाला धडा दिला आहे. पण काय शोधायचं हे ठरवण्यासाठी त्यांना बोलावणं अजून फारसं घडत नाही.

आकड्यांची भाषा हा दुसरा पाठ, तो लवकर आटोपतो. ‘या गोळीने धोका निम्मा होतो’ असं वाचलं की विचारायचं, कशाच्या निम्मा? हजारातल्या दोघांना आजार व्हायचा तो आता एकाला होतो, तरी निम्मा. हजारातल्या चारशेंना व्हायचा तो दोनशेंना होतो, तरी निम्माच. पहिल्या गोळीसाठी पैसे आणि दुष्परिणाम सोसायचे का, याचं उत्तर दुसऱ्या गोळीपेक्षा वेगळं असू शकतं.

इथवर संशोधकाकडून लोकांनी शिकायचं. आता उलट बाजू, आणि माझ्या मते लेखाचा गाभा हाच आहे. गावच्या माणसाकडे जे ज्ञान आहे ते कुठल्याच विद्यापीठात मिळत नाही. त्याची गरज कुठे लागते हे दाखवणं, हे प्रशिक्षणाचं खरं काम.

माकडताप घ्या. १९५७ साली कर्नाटकात शिमोग्याजवळच्या क्यासनूर जंगलात पहिल्यांदा ओळखला गेलेला हा आजार गोचिडीमुळे होतो. २०१५ मध्ये सत्तरीतल्या पाली गावात त्याची साथ आली, आणि त्या भीतीचा काळ वाळपईच्या बाजूचे लोक अजून विसरलेले नाहीत. साथीचे दिवस आणि काजूचा हंगाम एकाच वेळी येतात. बोंडू गोळा करायला माणसं पाल्यापाचोळ्यात वाकतात, आणि गोचीड तिथेच असते.

आता समजा, शहरातून आलेला एक संशोधक कारण शोधतोय. त्याने ४० रुग्ण निवडले आणि त्याच गावातले ४० निरोगी लोक. प्रत्येकाला विचारलं, ‘गेल्या महिन्यात तुम्ही जंगलात गेला होता का?’ प्रश्न सरळ वाटतो. पण आपल्या माणसाला जंगल म्हणजे अभयारण्य, वनखात्याचं रान. काजूची बाग ती बागायत, तिथे तो ‘जंगलात’ जात नाही, ‘काजूत’ जातो. रुग्णांपैकी ३२ जण खरं तर झाडांखाली वाकलेले, पण त्यांतले निम्मे ‘नाही’ म्हणतील. निरोग्यांपैकी १६ जण गेलेले, त्यांतलेही निम्मे ‘नाही’ म्हणतील. संशोधकाच्या वहीत काय उतरलं? रुग्णांत १६, निरोग्यांत ८. फरक निम्म्यावर आला. त्याहून वाईट म्हणजे २४ रुग्ण असे राहिले की जे ‘जंगलात गेलेच नाहीत’, तरी आजारी पडले. आता तो संशोधक या २४ जणांसाठी भलतंच कारण शोधत हिंडेल, आणि यात कुणीच खोटं बोललेलं नसेल.

प्रश्नावली छापण्याआधी काजू गोळा करणारी एक बाई टेबलाशी असती, तर तिने हे एका मिनिटात सांगितलं असतं. पण तिला आधी हे कळायला हवं की एक शब्द चुकला तर अख्खा निष्कर्ष चुकतो. नाहीतर तिला वाटेल, शिकलेल्या माणसांनी छापलंय, आपण काय शब्दाचा कीस काढायचा! हे दोन्ही एकत्र आलं की मगच उपयोग. नुसतं अनुभवाचं ज्ञान सभेत दबून राहतं, आणि नुसतं पुस्तकी प्रशिक्षण माणसाला अर्धवट डॉक्टर करून सोडतं.

याच जातीचं आणखी एक उदाहरण खरोखर घडलेलं आहे. अंगावरून पांढरं जाण्याची तक्रार घेऊन बायका दवाखान्यात येतात आणि सहसा संसर्ग धरून औषध दिलं जातं. या शतकाच्या सुरुवातीला उत्तर गोव्यात सुमारे २,५०० बायकांचा अभ्यास झाला. त्यात तपासण्यांबरोबर बायकांनाच विचारलं, तुम्हाला हे कशामुळे वाटतं? त्यांनी ताण सांगितला, शरीरातली उष्णता सांगितली, संसर्गही सांगितला. आणि निष्कर्षांत या तक्रारीचं नातं संसर्गापेक्षा मनावरच्या ताणाशी जास्त घट्ट दिसलं. बायका जे सांगत होत्या त्यात तथ्य होतं. विचारलं म्हणून ते उजेडात आलं.

गोव्यात भाषेचा पेच वेगळाच आहे. सत्तरी, डिचोली, पेडण्यातला माणूस घरात कोकणी बोलतो आणि वाचतो मराठी. सासष्टीतला ख्रिस्ती शेजारी कोकणीच वाचतो, पण रोमी लिपीत. झुवारीनगरच्या मजुराला कन्नड हवी. संमतीपत्राचं मराठी भाषांतर केलं की काम झालं असं समजणाऱ्या संस्थेला हे कुणीतरी सांगायला लागतं. भाषांतरही कसलं? ‘प्रतिकूल घटना’, ‘गोपनीयता अबाधित राखली जाईल’, ‘स्वेच्छेने माघार’. मी प्रशिक्षणात एक साधा प्रयोग करून घेतो. परिच्छेद वाचायचा, कागद उलटा ठेवायचा, आणि शेजारणीला सांगावा तसा कोकणीत सांगायचा. जिथे जीभ अडखळते तिथलं मराठी बदलायचं. ‘औषधाने त्रास झाला तर’, ‘तुमचं नाव कुणाला कळू देणार नाही’, ‘कधीही नको म्हणा, तुमचे उपचार थांबणार नाहीत’.

नाव कळू न देण्याबद्दल एक इशारा. मोठ्या शहरात नाव खोडलं की माणूस लपतो. आपल्या वाड्यावर लपत नाही. ‘५२ वर्षांचा पुरुष, टेम्पोचालक, दोन मुली, दारूसाठी उपचार’ एवढं लिहिलं की नाक्यावरचा चहावाला नाव सांगेल. गावातलाच माणूस मुलाखती घेणार असेल तर ही जबाबदारी दुप्पट होते, कारण त्याला उद्या त्याच देवळात, त्याच लग्नात त्याच लोकांना भेटायचं असतं. घरी बायकोलाही सांगायचं नाही, हे मी शिकवण्यात सर्वांत जास्त वेळ घालवतो. प्रसंग रचून करून घेतो: चतुर्थीच्या जेवणावळीत कुणी विचारलं, ‘त्याच्या घरी परवा कशाला गेला होतास?’, तर काय म्हणशील? उत्तर तोंडात तयार नसेल तर माणूस भिडेपोटी बोलून जातो.

आता न आवडणारी गोष्ट. या कामाला बोलावतात कुणाला? माझ्यासारख्या निवृत्तांना, माजी पंचांना, ज्यांना वेळ आहे आणि सभेत बसायची सवय आहे त्यांना. काजूत जाणारी बाई, मासळी विकणारी, झुवारीनगरचा मजूर यांच्यापर्यंत कुणी पोचत नाही. बैठक पणजीत सकाळी दहाला ठेवली तर वाळपईच्या बाईची दिवसाची मजुरी बुडते, आणि संध्याकाळची कदंबची बस चुकली तर ती घरी कशी जाणार? ब्रिटनमध्ये अशा लोकांना त्यांच्या वेळेचा मोबदला देण्याची पद्धत रुळली आहे. आपल्याकडे चहा आणि प्रमाणपत्रावर भागवतात. मला हे मनापासून चुकीचं वाटतं. टेबलाभोवतीच्या प्रत्येकाला त्या तासाचा पगार चालू असतो, फक्त जिच्यासाठी सगळं चाललंय तिचाच बुडतो. मजुरी भरून द्यावी, बैठक तालुक्याच्या ठिकाणी दुपारनंतर घ्यावी, आणि एकटीला न बोलावता दोघी-तिघींना बोलावावं. एकटी बाई दहा तज्ज्ञांत बोलत नाही. शेजारीण बरोबर असली की बोलते.

आणि निकाल? सर्वेक्षणवाले आले, रक्त घेतलं, गेले, पुढे काय झालं ते कळलंच नाही, ही तक्रार मी किती गावांत ऐकली त्याला गणती नाही. निकाल इंग्रजी नियतकालिकात छापून येतो. तो देवळाच्या सभामंडपात किंवा पंचायतीच्या खोलीत गावच्या भाषेत सांगणं, हेही शिकलेल्या गावकऱ्यालाच सर्वांत छान जमतं.

आता पुन्हा काकींच्या सोप्यावर जातो. यादृच्छिक म्हणजे काय ते मी त्यांना माझ्या परीने समजावलं. म्हटलं, नवा उपचार कुणाला आणि जुना कुणाला हे डॉक्टर मनाने ठरवत नाहीत. ठरवलं तर कदाचित धडधाकट रुग्णांना नवा देतील, मग नवा उपचार आपोआप चांगला दिसेल. म्हणून प्रत्येकाच्या नावाने चिठ्ठी काढतात. दोन्ही गटांत तरुण-म्हातारे, अशक्त-सशक्त सारखेच विखुरतात.

काकींना ते पटलं. त्यांनी मला ‘चिठ्ठी’ हा शब्द त्या वाक्यावर पेन्सिलीने लिहायला लावला. मग पान उलटता उलटता थांबल्या आणि विचारलं, “पूण चिठ्ठी काडटलो कोण? तोच दोतोर?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढच्या बैठकीत मी तोच प्रश्न जसाच्या तसा ठेवला. संशोधक क्षणभर माझ्याकडे बघत राहिले, मग त्यांनी समजावून सांगितलं की चाचणीच्या विश्वासार्हतेची ही एक मोठी कसोटी आहे. पुढची चिठ्ठी कोणती हे डॉक्टरला आधी कळलं, तर तो नकळत आवडत्या रुग्णाला थांबवून ठेवू शकतो, आणि चिठ्ठ्या टाकण्याचा सगळा खटाटोप वाया जातो. म्हणून चिठ्ठ्या आरपार न दिसणाऱ्या, क्रमांक घातलेल्या बंद पाकिटांत ठेवतात, आणि त्या तयार करणारा माणूस रुग्ण तपासणाऱ्यापेक्षा वेगळा असतो. त्यांच्या आराखड्यात हे सगळं होतं. संमतीपत्रात मात्र त्यातलं काहीच नव्हतं.

सुधारलेला कागद चार पानांचा झाला. दुसऱ्या पानावर आता असं वाक्य आहे: ‘कोणता उपचार मिळेल ते चिठ्ठी टाकून ठरेल. चिठ्ठ्या बंद पाकिटात असतील. तुमच्या डॉक्टरलाही त्या आधी दिसणार नाहीत.’ तो घेऊन मी परत सत्तरीत गेलो. काकींनी चष्मा लावला, दुसरं पान काढलं, वाचलं, आणि तिसऱ्या पानावरच्या दूरध्वनी क्रमांकावर बोट ठेवून म्हणाल्या, “हो फोन कोण उखलता? कोकणी येता मगो ताका?”